पासपोर्ट शेठच्या कपाटात, मग घरी परतायचे कसे?

"पासपोर्ट ना? तो शेठकडे आहे." आखाती देशांत काम करणाऱ्या आपल्या बांधवांच्या तोंडून हे वाक्य आम्ही असंख्य वेळा ऐकले आहे. छत्री दुकानात विसरली असे सांगावे, तितक्या सहजपणे ते सांगितले जाते. विमानतळावर उतरल्याबरोबर कंपनीचा मंदूब पासपोर्ट गोळा करतो, त्याबदली काही आठवड्यांनी इकामा हातात पडतो आणि त्यानंतर दोन-तीन वर्षे त्या निळ्या पुस्तिकेची आठवणही कोणी काढत नाही. आठवण होते ती घरून फोन येतो तेव्हा. आईचे ऑपरेशन, बहिणीचा निकाह, वडिलांची अखेरची घटका. मग लक्षात येते की तिकिटाचे पैसे आहेत, विमान आहे, पण घरी जाण्याचा कागद दुसऱ्याच्या कपाटात आहे.

या पानावर आम्ही बहुधा मालाचे भाव, कर्ज, परवाने यांविषयी लिहितो. पासपोर्टचा विषय येथे कशाला, असे काही वाचक विचारतील. परंतु कोकणातल्या गावांतून गेलेला सुतार, भिवंडी-मालेगावचा कारागीर, मोहम्मद अली रोडवरून दुबईला माल नेणारा व्यापारी, या सर्वांच्या धंद्याचे पहिले हत्यार म्हणजे पासपोर्टच आहे. करवत कोणाला दिली तर संध्याकाळी परत मागतो, पासपोर्ट मात्र वर्षानुवर्षे मागत नाही.

काही महिन्यांपूर्वी रायगड जिल्ह्यातील एक सुतार बांधव आमच्याकडे येऊन बसला. आखातातील एका शहरात फर्निचरच्या दुकानात तो कामाला होता. करार दोन वर्षांचा होता, तो पुरा झाला. शेवटच्या पाच महिन्यांचा पगार मिळाला नव्हता. वडिलांची प्रकृती ढासळली म्हणून त्याने पासपोर्ट मागितला, तर मालक म्हणाला, "आधी हिशेब होऊ दे." हिशेब काही होईना. हा वकिलातीत गेला, तर मालकाने तिकडे त्याच्यावर हुरूब लावले, म्हणजे तो काम सोडून पळाला अशी सरकारदरबारी नोंद केली. पुढे काय झाले ते ओघाने येईलच. त्याच्या एका प्रश्नाने मात्र आम्हाला हा लेख लिहायला लावले. तो म्हणाला, "साहेब, पासपोर्टवर फोटो माझा, नाव माझ्या बापाचे, फी मी भरली. मग तो त्याचा कसा झाला?"

उत्तर असे की तो त्याचा झालेला नाही, आणि खरे सांगायचे तर पूर्णपणे तुमचाही नाही. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याचे १७ वे कलम सांगते की पासपोर्ट ही सदैव केंद्र सरकारची मालमत्ता आहे. नागरिकाकडे तो वापरण्यासाठी दिलेला असतो. मालकाने कामगाराचा पासपोर्ट कुलूपबंद केला म्हणजे भारत सरकारची वस्तू अडवून ठेवली, असा याचा साधा अर्थ आहे. आपल्या भाषेत बोलायचे तर पासपोर्ट ही अमानत आहे आणि ती तिसऱ्याच्या हाती देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

याच कारणाने आणखी एक गोष्ट बोलून टाकतो, जरी ती काहींना झोंबेल. आपल्याकडे गरज पडली की पासपोर्ट गहाण टाकून सावकाराकडून पैसे उचलण्याचे प्रकार होतात. एजंटही "उरलेले पैसे आण, मग पासपोर्ट ने" म्हणून तो दाबून ठेवतात. जी वस्तू आपली नाही ती गहाण टाकता येत नाही. वर व्याजाचे ओझे आहेच, त्याविषयी आम्ही वेगळे सांगायला नको.

एका व्यापाऱ्याचा खटला

पासपोर्ट मिळणे ही सरकारची मेहेरबानी नसून नागरिकाचा हक्क आहे, हे आज आपण सहज बोलतो. हे ठरले एका व्यापाऱ्याच्या खटल्यात, हे मात्र आपल्या व्यापारी बांधवांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. दिल्लीचे सतवंत सिंग सोहनी हे मोटारीचे सुटे भाग व इंजिनिअरिंगचा माल यांची आयात-निर्यात करीत. धंद्यासाठी त्यांना वारंवार परदेशी जावे लागे. आयात-निर्यात नियंत्रण कायद्याखाली त्यांची चौकशी चालू असताना, ऑगस्ट १९६६ मध्ये पासपोर्ट अधिकाऱ्याने त्यांना पत्र पाठवून पासपोर्ट परत करण्यास सांगितले. गुन्हा शाबीत झालेला नव्हता.

त्या वेळी आपल्या देशात पासपोर्ट कोणाला द्यावा, कोणाला नाकारावा, याचा कायदाच नव्हता. १९२० सालचा जुना कायदा होता, तो देशात प्रवेश करण्यापुरता. बाकी सारे अधिकाऱ्याच्या मर्जीवर चाले. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने चोइथराम जेठवानी यांच्या प्रकरणात, परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे असा कौल आधीच दिला होता. १० एप्रिल १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने सोहनी यांच्या बाजूने निकाल दिला. घटनेच्या २१ व्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्यात परदेशी जाणे-येणे येते आणि कायदा नसताना केवळ हुकुमाने पासपोर्ट काढून घेता येत नाही, असे सरन्यायाधीश सुब्बाराव यांनी सांगितले. विरुद्ध मत नोंदवणाऱ्या दोघांत आपल्या नागपूरशी जवळचे नाते असलेले न्या. हिदायतुल्ला होते. पासपोर्ट हा राज्याचा दस्तऐवज असून तो मागण्याचा मूलभूत हक्क नाही, असे त्यांचे मत. त्यांच्याविषयी आम्हाला आदर आहे, परंतु या बाबतीत बहुमताचा कौल आम्हा सामान्यांच्या कामाला आला, एवढे म्हणणे भाग आहे.

या निकालामुळे सरकारला घाईने कायदा करावा लागला. आधी वटहुकूम निघाला व त्याच वर्षी जूनमध्ये पासपोर्ट कायदा अमलात आला. पासपोर्ट कोणत्या कारणांनी नाकारता येतो हे सहाव्या कलमात, तर जप्त किंवा रद्द कधी करता येतो हे दहाव्या कलमात दिले आहे. नाकारताना व जप्त करताना कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि अर्जदाराने मागितल्यास त्यांची प्रत द्यावी लागते. देशाची सुरक्षा वगैरे मोजक्या बाबींचा अपवाद आहे. अकरावे कलम अपिलाचे आहे.

पुढे १९७७ च्या जुलैत श्रीमती मनेका गांधी यांचा पासपोर्ट "सार्वजनिक हितासाठी" एवढ्याच शब्दांत जप्त झाला आणि कारणे देण्यास सरकारने नकार दिला. त्यावर २५ जानेवारी १९७८ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले की नुसता कायदा असून भागत नाही, त्याची रीत न्याय्य व वाजवी हवी आणि माणसाचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. हा निकाल वकील मंडळी आजही उठता-बसता सांगतात. आपण त्यातून एवढेच घ्यावे की पासपोर्ट कार्यालयातून तोंडी "होणार नाही" असे उत्तर मिळाले तर गप्प घरी येऊ नये. लेखी कारण मागावे.

पोलिसांविषयीही एक शंका नेहमी विचारली जाते. तपासात पोलीस पासपोर्ट ताब्यात घेऊ शकतात, पण तो जप्त करून स्वतःकडे अडकवून ठेवणे हा त्यांचा अधिकार नाही. तसे करायचे तर पासपोर्ट अधिकाऱ्याकडे पाठवावा लागतो आणि तोच सुनावणी घेऊन ठरवतो. सुरेश नंदा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये हे स्पष्ट केले. फौजदारी न्यायालयालाही हा अधिकार नाही, असे त्याच निकालात आहे.

चेकचा खटला आणि पासपोर्ट

आमच्या व्यापारी बांधवांना खरी अडचण येते ती वेगळीच. चेक न वटल्याचा खटला फौजदारी न्यायालयात चालतो. पासपोर्ट कायद्याच्या सहाव्या कलमात, भारतातील फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असल्यास पासपोर्ट नाकारण्याची तरतूद आहे. वीस-पंचवीस हजारांच्या उधारीचा वाद आणि त्यापायी दहा वर्षांचा पासपोर्ट अडलेला, अशी प्रकरणे आम्ही पाहिली आहेत. यावर उपाय कायद्यातच आहे. २५ ऑगस्ट १९९३ च्या सरकारी अधिसूचनेप्रमाणे, ज्या न्यायालयात खटला चालू आहे तेथून परदेशी जाण्याची परवानगी आणली तर पासपोर्ट देता येतो. मेख अशी की न्यायालयाच्या आदेशात मुदतच लिहिलेली नसेल तर पासपोर्ट एकाच वर्षाचा मिळतो. म्हणून वकिलाला सांगून अर्जातच मुदत स्पष्ट मागावी. दरवर्षी कोर्टाचे आणि पासपोर्ट कार्यालयाचे उंबरठे झिजवण्यापेक्षा ते बरे.

पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदली म्हणजे खटला प्रलंबित झाला, असे नव्हे. न्यायालयाने प्रकरणाची दखल घेतलेली असावी लागते आणि परराष्ट्र मंत्रालयाने १० ऑक्टोबर २०१९ च्या पत्रकात हेच सांगितले आहे. मात्र चालू असलेला खटला फॉर्ममध्ये लपवू नये. माहिती दडवणे हा स्वतंत्र गुन्हा असून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, शिवाय मिळालेला पासपोर्टही जातो. एजंट "नाही असेच लिहा" म्हणतो. पकडले गेल्यावर तो एजंट ओळखही देत नाही.

दुसरे दार

आता परत येऊ सुताराच्या गोष्टीकडे. परक्या मुलखातून घरी येण्याला दोन दारे असतात. एक आपल्या देशात शिरण्याचे आणि दुसरे त्या देशातून बाहेर पडण्याचे. पहिले दार नागरिकाला कोणी बंद करू शकत नाही. पासपोर्ट हरवला, संपला किंवा मालकाने दाबला, तरी आपली वकिलात नागरिकत्वाची खात्री करून इमर्जन्सी सर्टिफिकेट देते. तो एका खेपेचा, फक्त भारतात येण्याचा कागद आहे.

या पहिल्या दारासाठीही आपल्या समाजातील माणसांना एके काळी झगडावे लागले होते. फाळणीनंतर १९४८ साली पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परमिटची पद्धत सुरू झाली. कराचीला धंद्यासाठी किंवा नातेवाइकांकडे गेलेली, येथेच जन्मलेली माणसे परमिटाविना परत आली तर १९४९ च्या कायद्याच्या सातव्या कलमाखाली सरकार त्यांना देशाबाहेर काढू शके. तेही केवळ संशयावरून. मुंबईतून गेलेल्या इब्राहिम वझीर मावत यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९५४ मध्ये हे कलम नागरिकांपुरते रद्दबातल ठरवले. बहुमताचा निकाल न्या. गुलाम हसन यांनी लिहिला. परमिट नसल्याबद्दल शिक्षा करा, पण या देशाच्या नागरिकाला येथून हाकलता येणार नाही, कारण येथे राहण्याचा हक्क त्याला घटनेच्या १९ व्या कलमाने दिला आहे, असे त्याचे तात्पर्य. ज्यांच्या घरांत त्या काळच्या परमिटांच्या आठवणी आहेत त्यांना या ओळींचे मोल सांगायला नको.

दुसऱ्या दाराची किल्ली मात्र आपल्या वकिलातीकडे नाही. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतल्यावर दोन महिन्यांत एक लाखाहून अधिक भारतीय एअर इंडियाच्या विमानांनी अम्मानमार्गे परत आले. युद्धाच्या धामधुमीत ते जमले. एरवी खुरूजचा शिक्का हवाच. सौदी अरबने २००० साली आणि कतारने २००९ च्या कायद्याने मालकांना कामगारांचे पासपोर्ट ठेवण्यास बंदी केली. कतारच्या २०१५ च्या कायद्यात त्यासाठी पंचवीस हजार रियालपर्यंत दंड आहे. कतारने बहुतेक कामगारांसाठी बाहेर जाण्याची परवानगी २०१८ मध्ये आणि घरकामगारांसह इतरांसाठी २०२० मध्ये काढून टाकली. सौदीत १४ मार्च २०२१ पासून कामगार कायद्याखाली येणाऱ्यांना मालकाच्या संमतीविना खुरूज घेता येते, परंतु घरकामगार, खाजगी ड्रायव्हर, माळी, मेंढपाळ यांना ती सवलत तेव्हा मिळाली नाही. उलट कुवेतने १ जुलै २०२५ पासून खाजगी क्षेत्रातील परदेशी कामगारांना देश सोडताना मालकाची परवानगी लागू केली. म्हणजे ज्या देशात जायचे तेथला नियम जाण्यापूर्वीच विचारून घेतला पाहिजे. व्हिसावर धंदा काय लिहिला आहे तेही पाहावे. सुताराला "घरगुती ड्रायव्हर"चा व्हिसा स्वस्तात मिळाला तर तो स्वस्त का आहे, हे वरच्या ओळींत आले आहे.

आमचा सुतार वकिलातीत गेला तेव्हा त्याच्या पाकिटात प्लास्टिकमध्ये घडी केलेली पासपोर्टची झेरॉक्स होती. पहिले आणि शेवटचे पान. एवढ्यावर त्याचे सर्टिफिकेट लवकर झाले. त्याच्याच खोलीतील दुसऱ्या एकाकडे झेरॉक्स नव्हती, नंबरही पाठ नव्हता. गावाहून शाळेचा दाखला, रेशनकार्ड, पोलिसांचा अहवाल मागवण्यात त्याचे दोन महिने गेले. सुताराचे पहिले दार असे उघडले, पण हुरूब लागलेले असल्याने तेथील कामगार कार्यालय आणि जवाजात यांच्या फेऱ्यांत सात आठवडे गेले. तोवर वडिलांचे दफन होऊन चाळीस दिवस उलटले होते. पाच महिन्यांचा पगार राहिला तो राहिलाच.

हे वाचून जाऊच नये असे आम्ही म्हणत नाही. हलाल रोजीसाठी सफर करणे आपल्या बुजुर्गांपासून चालत आले आहे. परंतु देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराने दिलेली असताना आपला माणूस अरबीतल्या कोऱ्या-भरल्या कागदावर न वाचता सही करतो, याचे आम्हाला नवल वाटते. कराराची प्रत, व्हिसाची प्रत आणि पासपोर्टच्या दोन झेरॉक्स, एक घरी आणि एक विश्वासू नातेवाइकाकडे, एवढे जाण्यापूर्वी झालेच पाहिजे. आता मोबाईलमध्ये फोटोही राहतो, पण मोबाईलही मालक काढून घेतो, म्हणून कागद हवा. मंदूबने पासपोर्ट मागितला आणि देणे भागच पडले, तर निदान दिल्याची लेखी पावती घ्यावी. "इकाम्याच्या कामासाठी, अमुक तारखेला" असे त्यावर लिहून घ्यावे.

दहावी पास नसलेल्या कारागिरांच्या पासपोर्टवर, १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे, आखाती देशांत नोकरीसाठी जाताना तपासणी लागते. ही कटकट टाळण्यासाठी एजंट टुरिस्ट व्हिसावर पाठवतात. तसे गेलात तर सरकारच्या दप्तरी तुम्ही कामगार नसताच. तपासणीच्या मार्गाने गेलेल्यांना प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन वर्षांसाठी २७५ रुपये हप्त्यात दहा लाखांपर्यंतचे विमाछत्र मिळते, याची माहिती किती एजंट देतात? अडकलेल्यांच्या तिकिटासाठी २००९ पासून वकिलातींकडे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. गरजूंना त्यातून मदत होते. घरच्यांना तक्रार करायची असेल तर परराष्ट्र मंत्रालयाचे "मदद" हे पोर्टल २०१५ पासून आहे, आणि तक्रारीचा नंबर जपून ठेवावा.

येथे एक बारीक गोष्ट सांगतो, जी फारसे कोणी सांगत नाही. सरकारी खर्चाने परत आलेल्याने तो खर्च भरून दिला नाही, तर पुढचा पासपोर्ट नाकारता येतो, असे सहाव्या कलमातच आहे. म्हणून तिकीट कोणी काढले, कल्याण निधीतून मदत म्हणून मिळाले की फेडीच्या अटीवर, हे वकिलातीत लेखी विचारून घ्यावे. पैसे भरले असतील तर पावती फाइलला लावावी.

सुतार सध्या गावीच कपाटे आणि पलंग करतो. कामे बरी आहेत, पण घराचे छत अर्धे राहिले आहे म्हणून पुन्हा एकदा जायचे म्हणतो. नव्या पासपोर्टसाठी तो आमच्या समोर बसून फॉर्म भरत होता. जुना पासपोर्ट कोठे आहे, या प्रश्नापाशी त्याचा पेन थांबला. एजंटाने "हरवला" असे लिहायला सांगितले होते. हरवला म्हटले की पोलिसांत तशी खोटी खबर द्यावी लागणार. त्याने आमच्याकडे पाहिले आणि मग सोबतच्या साध्या कागदावर खरे तेच लिहिले: दुकानाचे नाव, शहर, आणि खाली एक ओळ, की पासपोर्ट हरवलेला नाही, मालकाच्या टेबलाच्या डावीकडील खणात आहे.